घरात क्षयरोगाचा रुग्ण आहे आणि कुत्राही खोकू लागला आहे, काय करावे?

अशोकचौकातली (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांच्या घरात राहतो. माझे सासरे ३० वर्षे यंत्रमागावर कामाला होते. दीड महिन्यापासून त्यांचा खोकला थांबत नव्हता, संध्याकाळी अंगात कणकण राहायची आणि वजन ६ किलोने उतरले होते. बेडक्याची तपासणी केल्यावर फुप्फुसाचा क्षयरोग निघाला. आज त्यांच्या सरकारी गोळ्या सुरू होऊन १७ दिवस झाले असून ताप गेला आहे आणि ते दोन घास जास्त जेवू लागले आहेत.

प्रश्न आमच्या खंड्याचा आहे. तो ७ वर्षांचा, साधारण ९ किलो वजनाचा, गावठी आणि पॉमेरेनियन यांच्या संकरातला कुत्रा आहे. तो लहानपणापासून सासऱ्यांच्या खाटेखाली झोपतो, त्यांच्या ताटातले उरलेले खातो आणि ते कुठेही गेले तरी त्यांच्या पायात असतो. गेल्या १२ दिवसांपासून तोही खोकत आहे. खोकून झाल्यावर घशात काही अडकल्यासारखे करतो आणि कधी कधी पांढरा फेस टाकतो. जेवण थोडे कमी झाले आहे.

शेजारच्या लोकांनी ठरवूनच टाकले आहे की हा रोग कुत्र्यानेच घरात आणला. घरमालक म्हणतात की त्याला हिप्परग्याच्या तलावाकडे सोडून या. दुसऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले की सासऱ्यांच्या पाकिटातली अर्धी गोळी रोज भाकरीत घालून द्या, म्हणजे दोघेही बरे होतील. सासरे तर खंड्याला घराबाहेर काढायचे नाव काढले की डोळ्यांत पाणी आणतात. कुत्र्याला क्षयरोग होतो का? झाला तर तो कोणाकडून कोणाला होतो? माझा ४ वर्षांचा मुलगाही याच घरात वावरतो, म्हणून कृपया जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

पशुवैद्य_पंढरपूररोड

ताई, सर्वांत आधी गोळीबद्दल सांगतो, कारण बाकीचे प्रश्न दोन दिवस थांबू शकतात, हा थांबू शकत नाही. सासऱ्यांची गोळी खंड्याला अर्धीसुद्धा देऊ नका. क्षयरोगाच्या एकत्रित गोळीत चार औषधे असतात आणि त्यांपैकी आयसोनियाझिड हे औषध कुत्र्याच्या शरीराला माणसासारखे पचवता येत नाही. माणसाच्या यकृतात या औषधाचे रूपांतर करणारी जी यंत्रणा असते ती कुत्र्यात नसते, त्यामुळे उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यातले अंतर त्याच्यासाठी फार थोडे असते. एकत्रित गोळीत ते ७५ मिलिग्रॅम असते, परंतु घरातल्या निरोगी माणसांना प्रतिबंध म्हणून जी स्वतंत्र गोळी दिली जाते तिच्यात ३०० मिलिग्रॅम असते. अशी एक गोळी किंवा एकत्रित गोळ्यांचे अर्धे पाकीट ९ किलोच्या कुत्र्याने चघळले, तर अर्ध्या तासापासून काही तासांत त्याला झटके सुरू होऊ शकतात आणि त्यात तो दगावू शकतो. या झटक्यांवर नेहमीची औषधे पुरेशी पडत नाहीत, ब-६ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन शिरेतून द्यावे लागते. म्हणून गोळ्यांची पाकिटे उशाखाली किंवा खाटेवर न ठेवता वरच्या फळीवर डब्यात ठेवा. असा अपघात झालाच, तर पशुवैद्याला फोनवरच औषधाचे नाव सांगा, म्हणजे तुम्ही पोहोचेपर्यंत तो इंजेक्शनची जुळवाजुळव करू शकेल.

आता मूळ प्रश्न. होय, कुत्र्याला क्षयरोग होऊ शकतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली ज्या जंतूची ओळख पटवली, तो मायकोबॅक्टेरियम ट्यूबरक्युलोसिस हाच जंतू बहुतेक वेळा कुत्र्यात सापडतो आणि तो त्याला माणसाकडून मिळालेला असतो. रुग्ण खोकतो तेव्हा हवेत तरंगणारे सूक्ष्म थेंब कुत्रा श्वासातून घेतो. शिवाय कुत्र्याची जमिनीवरचे चाटण्याची सवय पाहता, बेडका पडलेला रुमाल किंवा फरशी हीसुद्धा वाट असते. म्हणजे तुमच्या शेजाऱ्यांनी दिशा उलटी धरली आहे. खंड्याने सासऱ्यांना रोग दिला असण्यापेक्षा सासऱ्यांकडून तो खंड्याला मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक आहे. कुत्र्यापासून माणसाला क्षयरोग झाल्याची खात्रीशीर उदाहरणे अत्यंत दुर्मीळ आहेत. तरीही आजारी कुत्र्याच्या खोकल्यातून, वाहणाऱ्या जखमेतून किंवा विष्ठेतून जंतू बाहेर पडू शकतात, त्यामुळे लहान मूल असलेल्या घरात निष्काळजीपणा करून चालणार नाही.

कुत्रा या जंतूला बऱ्यापैकी दाद देत नाही, हेही सांगितले पाहिजे. अनेक कुत्र्यांच्या शरीरात जंतू शिरतो आणि कोणतेही लक्षण न दाखवता तिथेच दबून राहतो. ज्याला रोग होतो त्याचा आजार सावकाश, आठवड्या-महिन्यांच्या गतीने वाढतो: न थांबणारा कोरडा खोकला, उतरत जाणारे वजन, मधूनमधून ताप, गळ्याखालच्या गाठी मोठ्या होणे, पुढे छातीत पाणी होऊन धाप लागणे. काही कुत्र्यांत छातीतल्या रोगामुळे पायांच्या हाडांवर सूज येते आणि कुत्रा लंगडू लागतो, तेव्हा मालक पायावरच उपचार करत बसतात.

खंड्याचे वर्णन मात्र मला दुसरीकडे नेते. एकाएकी सुरू झालेला खोकला, घशात अडकल्यासारखे करणे आणि पांढरा फेस ही आपल्याकडे रोज दिसणाऱ्या संसर्गजन्य श्वासनलिकादाहाची लक्षणे आहेत, ज्याला आम्ही केनेल कफ म्हणतो. तो गल्लीतल्या दुसऱ्या कुत्र्याकडून येतो आणि बहुधा एक ते तीन आठवड्यांत उतरतो. पॉमेरेनियन रक्ताच्या कुत्र्यांची श्वासनलिका वयानुसार चपटी होऊ लागते, तेव्हा तो हंसाच्या ओरडण्यासारखा खोकतो आणि गळ्यातला पट्टा ओढला की खोकला वाढतो. याशिवाय हृदयाच्या झडपेचा आजार, गोचीडताप आणि लस चुकली असेल तर डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग यांचाही विचार करावा लागतो. आणखी एक गोष्ट विचारतो. घरात कोणी विड्या वळते का? तंबाखूची बारीक धूळ बंद खोलीत कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवरच बसते आणि पूर्व भागातल्या घरांतून येणाऱ्या कुत्र्यांमध्ये मी त्यामुळे चिघळलेला खोकला पाहिला आहे. जमिनीवर पडलेला तंबाखू कुत्र्याने खाल्ला तर तो स्वतंत्रपणे विषारी ठरतो.

दवाखान्यात जाण्यापूर्वी घरी एक काम करा. खंड्या गाढ झोपला असताना त्याच्या छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजा. मिनिटाला ३० पेक्षा कमी श्वास असतील तर ठीक. सतत त्याहून अधिक असतील तर त्याच दिवशी दाखवा. त्याच्या अंगाला हात लावून ताप ठरवू नका, कारण कुत्र्याचे नेहमीचे तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. तपासणीत छातीचा एक्स-रे, रक्ततपासणी आणि गाठी चाचपणे एवढे पहिल्या भेटीत होते. एक्स-रेमध्ये काही संशयास्पद दिसले, तरच पुढे गाठीतला किंवा छातीतला द्राव काढून त्यात आम्लरोधी जंतू (क्षयरोगाच्या कुळातले जंतू) शोधणे, पीसीआर (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) आणि जंतूंची वाढ करून पाहणे या पायऱ्या येतात. वाढीच्या तपासणीला ६ ते ८ आठवडे लागतात. माणसाच्या हातावर करतात ती त्वचेची चाचणी कुत्र्यात भरवशाची नाही, त्यामुळे तिचा आग्रह धरू नका.

निवृत्त_आरोग्यसेविका

डॉक्टरसाहेबांनी खंड्याचे सांगितले, मी घराचे सांगते. क्षयरोग विभागात माझी २२ वर्षे गेली आणि त्यातली बरीचशी विडी कामगारांच्या वसाहतींतून फिरण्यात गेली.

ताई, गोळी अर्धी करून कुत्र्याला देण्याचा सल्ला ज्यांनी दिला, त्यांनी तुमच्या सासऱ्यांचेही नुकसान केले असते. वजनाच्या गटानुसार गोळ्यांची संख्या ठरलेली असते आणि प्रत्येक दिवसाचा डोस मोजून दिलेला असतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे हा क्रम एक दिवसही न चुकवता पूर्ण व्हावा लागतो. मात्रा कमी पडली की जंतू औषधाला जुमानेनासे होतात आणि मग उपचार लांबतो, महागतो आणि शरीराला फार जड जातो.

औषध लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांनंतर रुग्णाकडून होणारा संसर्ग पुष्कळ कमी होतो. तुमचे १७ दिवस झाले आहेत, ही चांगली बाब आहे, पण दोन महिन्यांनी होणारी बेडक्याची तपासणी येईपर्यंत सासऱ्यांनी तोंडावर मास्क किंवा स्वच्छ उपरणे बांधावे. बेडका झाकणाच्या डब्यात टाकावा आणि तो डबा कुत्र्याचे तोंड पोहोचणार नाही अशा जागी ठेवावा. खाट खिडकीजवळ घ्यावी. सूर्यप्रकाश आणि वाहती हवा यांत हा जंतू फार टिकत नाही, अंधाऱ्या कोंदट खोलीत मात्र तो बराच काळ तग धरतो. सोलापूरचे ऊन एरवी नकोसे होते, पण अंथरूण-पांघरूण रोज गच्चीवर घालायला ते या वेळी कामाला येईल.

तुमच्या मुलाची तपासणी झाली आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. झाली नसेल तर कुत्र्याच्या आधी त्याला घेऊन जा. पाच वर्षांखालील मुलाला घरातल्या रुग्णापासून धोका सर्वांत जास्त असतो. त्याला रोग नाही याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध सुरू करतात आणि ते सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते. तुमची, तुमच्या पतीची आणि सासूबाईंचीही तपासणी करून घ्या. सासऱ्यांचे नाव निक्षयमध्ये, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीत, नोंदलेले असेल तर पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये त्यांच्या खात्यावर येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. खाते जोडले गेले आहे ना, एवढे आशाताईंना विचारा.

जुळेसोलापूरकर

मी हे सात वर्षे कुठे लिहिले नव्हते, पण ताईंचा प्रश्न वाचून लिहावेसे वाटले. आमच्या आईला २०१७ मध्ये फुप्फुसाचा क्षयरोग झाला. ती बरी झाली आणि आजही ठणठणीत आहे. तिच्या आजारपणात आमची लॅब्रेडोर कुत्री दिवसभर तिच्या खोलीत असायची. आईचे उपचार संपत आले तेव्हा कुत्री वाळू लागली, मग खोकू लागली आणि शेवटी मागचा एक पाय सुजला. आम्ही तिला तीन वेळा दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी प्रत्येक वेळी विचारले, घरात कोणी आजारी आहे का? आणि आम्ही प्रत्येक वेळी नाही म्हणालो. बहिणीचे लग्न ठरत होते, घरात टीबी आहे हे कोणाच्या कानावर जायला नको होते.

त्या एका उत्तरामुळे डॉक्टर हाडाचा आजार, मग गोचीडताप, मग कर्करोग असे शोधत राहिले आणि त्यात त्यांचा काहीही दोष नव्हता. छातीतून पाणी काढले तेव्हा त्यात आम्लरोधी जंतू दिसले. मग मी खरे सांगितले. तोपर्यंत तिला उभे राहता येत नव्हते आणि श्वासासाठी ती मान ताणून बसत होती. आम्ही तिला शांतपणे कायमचे झोपवण्याचा निर्णय घेतला. जंतूंच्या वाढीचा अहवाल त्यानंतर पाच आठवड्यांनी आला आणि तो माणसाच्याच क्षयरोगाचा जंतू होता. ताई, पशुवैद्याकडे गेल्याबरोबर पहिले वाक्य सासऱ्यांच्या आजाराचे सांगा. बाकी काही विसरलात तरी चालेल.

मंगळवेढ्याचा_शेतकरी

आमच्याकडे चार म्हशी, दोन गाई आणि राखणीची दोन कुत्री आहेत. धार काढली की पहिली वाटी कच्चे दूध कुत्र्यांना जाते. जनावरांचा टीबी दुधातून येतो असे ऐकले आहे, मग तो कुत्र्याला होऊ शकतो का?

पशुवैद्य_पंढरपूररोड

होऊ शकतो. गुरांमध्ये क्षयरोग करणारे जंतू याच कुळातले, पण वेगळे आहेत. मायकोबॅक्टेरियम बोव्हिस हे नाव सर्वांना माहीत असते. आपल्या देशातल्या गुरांमध्ये ऑरिजिस नावाचा जंतूही सापडतो. बाधित जनावराचे कच्चे दूध, कच्चे मांस आणि विशेषतः कच्ची फुप्फुसे व गाठी खाल्ल्याने तो कुत्र्या-मांजरांत शिरतो. अशा वेळी रोग छातीऐवजी पोटात सुरू होतो आणि जुलाब, उलट्या, पोटातल्या मोठ्या गाठी व रोडावणे हीच लक्षणे दिसतात. उपाय अगदी घरगुती आहे. दुधाला एक चांगली उकळी आणा आणि मग घरातल्या माणसांनाही व कुत्र्यांनाही द्या. पाश्चरीकरणात ७२ अंश सेल्सिअसवर १५ सेकंद एवढ्यानेच हा जंतू मरतो, उकळी तर त्याहून पुष्कळ वर जाते. गोठ्यात एखादे जनावर चारा असूनही खंगत असेल आणि खोकत असेल, तर गुरांच्या दवाखान्यात कळवून त्याची ट्युबरक्युलिन चाचणी, म्हणजे त्वचेची चाचणी, करून घ्या. कुत्र्यात न चालणारी ही चाचणी गुरांत चालते.

श्वानसोबती

मला डॉक्टरांना नम्रपणे विचारायचे आहे. माणसाला सहा महिन्यांत बरे करता येते, मग कुत्र्याला क्षयरोग निघाला की मरणच का सुचवले जाते? जीव तो जीवच आहे. ताईंच्या सासऱ्यांना उद्या कोणी असे सांगितले तर त्यांच्यावर काय परिणाम होईल?

पशुवैद्य_पंढरपूररोड

तुमचा प्रश्न योग्य आहे आणि मी तो स्वतःलाही विचारतो. कुत्र्यावर उपचार झालेले आहेत आणि काही कुत्री बरीही झाली आहेत, त्यामुळे ते अशक्य आहे असे मी म्हणणार नाही. अडचणी अशा आहेत: दोन किंवा तीन औषधे सहा ते नऊ महिने किंवा त्याहून जास्त काळ, वजनावर काटेकोर मोजून आणि यकृताच्या तपासण्या वारंवार करत द्यावी लागतात, मध्येच कुत्र्याने गोळी थुंकली किंवा मालकाने खंड पाडला तर औषधाला न जुमानणारा जंतू तयार होऊ शकतो, आणि हीच औषधे माणसांसाठी राखून ठेवण्याची गरज आहे. बोव्हिस असेल तर त्यावर पायराझिनामाइड हे चार औषधांपैकी एक औषध मुळातच चालत नाही. शिवाय या सगळ्या काळात कुत्रा घरातल्या माणसांच्या संपर्कात असतो. म्हणून जगभरातल्या अनेक तज्ज्ञांचा सल्ला, निदान पक्के असेल तर, वेदनारहित मृत्यूकडे झुकतो.

माझे मत असे आहे की निर्णय घरागणिक वेगळा असावा. घरात तान्हे मूल असेल, एचआयव्हीबाधित व्यक्ती असेल किंवा कोणी प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेत असेल, तर मी उपचाराच्या विरोधात बोलतो. घरात सगळे निरोगी असतील, कुत्र्याला वेगळे ठेवण्याची सोय असेल आणि मालक नऊ महिने चिकाटी धरणारा असेल, तर माणसांच्या क्षयरोगतज्ज्ञाशी बोलून मी विचार करीन. परंतु या सगळ्या चर्चेला निदान हवे आणि खंड्याचे निदान अजून झालेलेच नाही. त्याला तलावाकडे सोडून येणे हा मात्र कोणत्याही बाजूने उपाय नाही. त्याला रोग नसेल तर तो अन्याय आहे आणि असेल तर तो रोग उघड्यावर सोडणे आहे.

अशोकचौकातली

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन महिन्यांहून अधिक उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व.

आरोग्यसेविका ताईंनी लिहिल्याप्रमाणे दुसऱ्याच दिवशी मुलाला नेले. त्याच्या छातीचा एक्स-रे स्वच्छ आला आणि त्याचे प्रतिबंधक औषध सुरू झाले. आम्हा बाकीच्यांच्या तपासण्याही ठीक आहेत. गोळ्यांचे डबे आता देवाच्या फळीवर आहेत.

खंड्याला नेले तेव्हा जुळेसोलापूरकर दादांचे शब्द आठवून दारातच डॉक्टरांना सासऱ्यांचा आजार सांगितला. त्यांनी मास्क बांधला, हातमोजे घातले आणि अगदी शांतपणे तपासले. एक्स-रेमध्ये फुप्फुसावर डाग नव्हते, छातीत पाणी नव्हते आणि गाठीही हाताला लागल्या नाहीत. श्वासनलिका मानेच्या खालच्या भागात चपटी दिसली. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा पट्टा बांधायला सांगितले, खोकल्याचे औषध दिले आणि सासूबाईंना विड्या वळायला बाहेरच्या ओट्यावर बसायला सांगितले. दहा दिवसांत खोकला निम्म्यावर आला, आता फक्त खूप भुंकला तरच येतो. क्षयरोग सावकाश वाढतो म्हणून डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायला आणि तोपर्यंत दर पंधरवड्याला वजन करायला सांगितले आहे. गेल्या चार वेळा वजन ९ किलोच्या खाली आलेले नाही.

सासऱ्यांची दोन महिन्यांची बेडक्याची तपासणी गेल्या आठवड्यात झाली आणि तीत जंतू आढळले नाहीत. एवढे दिवस खंड्या पलीकडच्या खोलीत उंबऱ्याशी बांधलेला असायचा आणि सासरे खाटेवरून त्याच्याशी तेलुगूत बोलत बसायचे. डॉक्टरसाहेब, आता त्याला पुन्हा खाटेखाली झोपू द्यावे का, की तीन महिन्यांच्या एक्स-रेपर्यंत थांबावे? घरमालकांना दाखवायला डॉक्टरांकडून लेखी घेतले आहे, पण सासरे रोज हेच विचारतात.

पशुवैद्य_पंढरपूररोड

एक्स-रेपर्यंत थांबा. दिवसा ओट्यावर, मोकळ्या हवेत सासऱ्यांच्या शेजारी बसायला हरकत नाही, रात्री बंद खोलीत मात्र अजून एक महिना वेगळेच झोपू द्या.